तरबूर म्हणजे चुलतभाऊ

ट्रकचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची जाड लोखंडी पट्टी, तापवून वळवायला दोन माणसं लागतात. एक जण सांडशीत पाटा धरतो आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या हातोडीने ‘इथे’ म्हणून टिचकी मारतो. दुसरा त्याच जागी घण घालतो. बोलायचं काही नसतं. धरणाऱ्याचं डोकं घणाच्या वाटेपासून हातभर लांब असतं, आणि ते हातभर अंतर राखणं दुसऱ्याच्या मनावर असतं. मस्कतच्या गाला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये हे काम मी वीस वर्षं पाहिलं, आणि त्याआधी सहा वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतः घण घातला. माणूस घण कसा उचलतो यावरून मी त्याची किंमत करायचो. ती सहसा चुकत नसे. एकदाच चुकली, आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

तेलाचे भाव पडायच्या आधीची ही गोष्ट. मस्कतभोवती जिकडेतिकडे रस्ते आणि पूल चालले होते. खडीचे ट्रक नेमापेक्षा जास्त माल भरत, आणि त्यांचे पाटे मोडत. पाटे मोडले की माझं घर चाले. माझ्याकडे भट्टीवर एक अफगाण उस्ताद होता. वय पन्नाशीचं, अंगाने भरलेला, दाढी मेंदीने लाल. पासपोर्ट पाकिस्तानचा, कारण विशीत तो पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत आला आणि हे कामही तिथेच शिकला. पाट्याला किती बाक हवा ते तो मोजायचा नाही. एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, “अजून दोन घाव.” आयुष्यात मी हजारो माणसांशी घासाघीस केली, पण पगाराच्या बोलणीत मला हरवणारा हा एकच. मी बोलत सुटायचो, तो गप्प बसून पगडी सोडायचा आणि पुन्हा बांधायला घ्यायचा. पगडी बांधून पूर्ण होईतो मी त्याच्या आकड्यावर आलेला असायचो.

त्याच्या जोडीचा घणवाला पंजाबी म्हातारा कायमचा घरी गेला तेव्हा मी नवीन माणूस शोधायला लागलो. इब्राच्या बाजाराजवळ एका छोट्या गॅरेजमध्ये तिशीचा एक अफगाण असल्याचं कळलं. दीड तास गाडी हाकून गेलो. पोरगेलासा चेहरा, पण खांदे रुंद, आणि घण उचलताना कमरेतून उचलणारा. मला तिथेच पटला. त्याच्या अर्बाबशी, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या ओमानी मालकाशी, खजूर-कॉफीच्या तीन फेऱ्या होईपर्यंत घासाघीस करून मी सुटकेचा कागद मिळवला. जाता जाता त्या माणसाला त्याच्या गावाचं नाव विचारलं, तर ते उस्तादच्याच खोऱ्यातलं.

मी तिथूनच उस्तादला फोन लावला. म्हटलं, “तुमच्या गावचा माणूस मिळालाय.”

“कुणाचा मुलगा?”

मी विचारून सांगितलं. फोनवर भट्टीच्या पंख्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, “हां. तरबूर है.”

“तरबूर म्हणजे काय?”

“चाचा का बेटा. सावत्र चाचा.”

म्हणजे चुलतभाऊ. मी खूश झालो. एका घरची माणसं, एका भाषेची, एका भट्टीवर. मला वाटलं, एका कागदात दोन कामं झाली. आता हसू येतं. कोकणातल्या माणसाला चुलतभाऊ ऐकून आनंद व्हावा! माझ्या स्वतःच्या चुलतभावाने मी इकडे वर्कशॉप चालवत असताना आमच्या घरापुढे चिऱ्यांचा गडगा घालून वाट अडवली होती. मी पैसे पाठवून घर बांधलं, स्लॅब टाकला, पुढे गाडीसाठी शेड केली. आणि गाडी अर्धा मैल लांब, देवळाजवळ ठेवून बॅगा डोक्यावर घेऊन घरी जात होतो. नऊ वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो. पण दुसऱ्याच्या घरातलं नातं म्हटलं की माणसाला ते गोडच वाटतं.

नवीन माणूस आला त्या दिवशी उस्ताद भट्टीपासून उठून दारापर्यंत गेला. दोघांनी उजवा खांदा, डावा खांदा असं एकमेकांना आलिंगन दिलं. उस्ताद त्याच्या भाषेत बराच वेळ काहीतरी विचारत होता: घरचे बरे, गुरं बरी, प्रवास बरा. तो एकेका शब्दात उत्तर देत होता. मी चहा मागवला. उस्तादने घेतला. नवीन माणसाने कपाला हात लावला नाही, म्हणाला, पोट ठीक नाही.

पहिले चार महिने असं काम झालं की वीस वर्षांत झालं नव्हतं. उस्तादची टिचकी पडायची आणि त्याच जागी घण पडायचा, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. ट्रकवाले उभे राहून बघायचे. मी बघायचो आणि स्वतःच्या पारखीवर खूश व्हायचो.

माझ्याकडे वेल्डिंगला आमच्याच तालुक्यातला एक माणूस होता, माझ्याहून वयाने मोठा आणि जिभेने तिखट. एक दिवस तो जवळ येऊन म्हणाला, “शेटनू, तेंका एका खोलयेत ठेवू नकात.”

“का? भांडतात?”

“भांडतले कित्याक? बोलणतच नाय.”

“मग काय त्रास आहे तुला?”

“माका कसलो त्रास? पण तुमी बघा. तो बारको दुपारचा जेवण उस्तादच्या ताटातला घेणा नाय. मीठसुद्धा आपला वेगळा आणता. आणि उस्ताद पयलो पंजाब्यावांगडा समोर बसा, आता बाजूक बसता.”

मी त्याला म्हटलं, तू तुझं वेल्डिंग बघ. पण दुसऱ्या दिवशी मीही बघितलं. खरंच, उस्तादने ऐरणीपुढचा स्टूल पाव वळणाने फिरवला होता. घण कुठेही सुटला तरी त्याच्या डोक्यावर येणार नाही, अशा बेताने. आणि भट्टीकडे वळताना तो त्या माणसाकडे पाठ करत नव्हता. खेकड्यासारखा तिरका जायचा. मला वाटलं, वय झालं, घाबरतोय. मिठाचं म्हणाल तर मी त्याला कंजूषपणा समजलो, आणि कंजूष माणसाबद्दल मला आदरच आहे.

मग एक दिवस दुपारी उस्तादला गावाहून फोन आला. त्याची आई अंगणात पडली होती, खुबा मोडला होता. ऐंशीच्या पुढची बाई. डोळ्यांना आधीच दिसत नव्हतं. हॉस्पिटल शहरात, शहर पाच तासांवर, आणि रस्त्यावर कोण कधी गाडी अडवील याचा नेम नाही. म्हणून घरीच खाटेवर ठेवली होती. ती एकच रट लावून बसली होती: माझ्या मुलाला बोलवा. मुलगा म्हणजे आमचा उस्ताद.

मी म्हटलं, “जा. तिकीट मी काढतो.” हे मी लगेच म्हटलं, याची नोंद मला इथे करायची आहे, कारण पुढे मी स्वार्थी आहे असं वेल्डर सगळीकडे सांगत फिरला.

“नहीं जा सकता, सेठ.”

“व्हिसा चालू आहे, पासपोर्ट चालू आहे. का नाही?”

 त्याने पगडी सोडली. मी भडकलो. म्हटलं, आता त्या पगडीला हात लावलात तर भट्टीत टाकीन. आई मरायला टेकलीय आणि तुम्ही माझ्याशी भाव करताय? तेव्हा त्याने हनुवटीने पलीकडे दाखवलं. पलीकडे तो दुसरा यू-बोल्ट आवळत होता, आणि आमचं सगळं बोलणं त्याला ऐकू जात होतं.

“गावात शिरायच्या वाटेवर पहिलं घर ह्याचं आहे,” उस्ताद म्हणाला. “तिथे ह्याच्या आईचे दोन भाऊ राहतात. मी तीस वर्षं त्या वाटेने गेलो नाही. आईला शेवटचं भेटलो बारा वर्षांपूर्वी, तेही सरहद्दीजवळच्या शहरात, एका दुकानाच्या मागे. ह्याच्या बापाचं रक्त आमच्या घरावर आहे.”

 मी ओरडलो, “मग फोनवर मला चुलतभाऊ कशाला सांगितलं? दुश्मन म्हणून सांगायचं होतं!”

“दुश्मन बोला तो. तरबूर बोला.”

ह्यावर पलीकडचा माणूस पहिल्यांदा हसला. पाना खाली ठेवून त्याने मला समजावलं, आणि लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. त्यांच्या भाषेत तरबूर म्हणजे चुलतभाऊ, आणि तरबूर म्हणजेच वैरी. दोन शब्द नाहीत. एकच. आज्याची जमीन ज्याच्याबरोबर वाटून घ्यावी लागते तो. “तुमच्याकडे असा शब्द नाही का, सेठ?”

वेल्डर मास्क वर करून ऐकत होता. तो म्हणाला, “आसा मा. भाऊबंदकी.” आणि माझ्याकडे बघून मास्क खाली केला.

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी उस्तादला गाडीत घालून बाहेर नेलं. माझा हेतू सरळ होता. मला दोघंही हवे होते, आणि म्हातारीही मनात होती. कुठल्याही सौद्यात आधी माल बघावा लागतो, म्हणून भांडणाचं मूळ मला समजून घ्यायचं होतं. इब्राच्या वाटेवर एका खेड्यात आम्ही थांबलो. तिथे खजुरांच्या बागांतून फलज वाहतो, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाण्याचा पाट, आणि पाण्याच्या पाळ्या ठरवायला जमिनीत एक खांब रोवलेला आहे. त्याची सावली अमुक दगडावर आली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. उस्ताद त्या खांबाजवळ उकिडवा बसला.

“हेच,” तो म्हणाला. “आमच्याकडे काठी होती.”

आज्याने दोन लग्नं केली. थोरलीचा मुलगा उस्तादचा बाप, धाकटीचा मुलगा तो काका. जमीन वाटली, पण पाणी कसं वाटणार? ते काठीच्या सावलीवर वाटलं. थंडीत सावली लांबते. बाप म्हणायचा, थंडीत दगड सरकवायचा. काका म्हणायचा, आज्याने ठेवला तिथेच राहील. वीतभर सावलीचा प्रश्न. तेव्हा दोन्ही घरं एका भिंतीआड, बायका एका तंदूरवर रोट्या लावायच्या, आणि पुरुष वीतभर सावलीवरून सहा वर्षं बोलत नव्हते. पण कुणी कुणाला मारलं नव्हतं. पंच बसायचे, एक मेंढा कापायचे, पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

“मग रशियन आले ना?” मी म्हटलं. मला एवढंच माहीत होतं.

“रशियन आमच्या खोऱ्यात दोन वेळा आले असतील,” तो म्हणाला. “ज्यांनी बंदुका दिल्या ते त्यांच्याआधी आले. सरकारचे आले, पक्षाचे आले, नंतर दुसऱ्या पक्षाचे. प्रत्येकाने बसून चहा घेतला आणि एकच विचारलं, तुमचा दुश्मन कोण? पाण्याबद्दल कुणीच विचारलं नाही. लढाईला दुश्मन हवा होता, सेठ. आमच्याकडे तयार होता.”

काकाला सरकारी गोदामात गव्हाच्या पोत्यांवर नजर ठेवायची नोकरी लागली. म्हणून उस्तादचा थोरला भाऊ दुसऱ्या बाजूला गेला. आणि एका सकाळी काकाला शेताजवळ गोळी घातली गेली. गावात सांगण्यात आलं, तो मुखबिर होता, खबरी होता. हा भट्टीवरचा घणवाला तेव्हा आईच्या अंगावर पीत होता. थोरला भाऊ नंतर दुसऱ्याच एका चकमकीत गेला. लोक त्याच्या कबरीवर हिरवा झेंडा लावतात. पण त्याला ह्यांनी मारलेलं नव्हतं, म्हणून ते रक्त फिटलेलं नाही. ते उस्तादवर आलं.

“आणि आता त्या पाण्याचं काय झालं?” मी विचारलं.

“आटलं. त्याला पंचवीस वर्षं झाली. बाँब पडला, वर भुयारात कुठेतरी माती बसली. साफ करायला दोन्ही घरांची माणसं लागतात.”

 मला थकवा आला. ऊन फार होतं, हेही खरं.

सोमवारी मी धाकट्याला, म्हणजे त्या घणवाल्याला, चहाला नेलं. कॅफेटेरियाबाहेर गाडीत बसून कागदी कपातला चहा. मी सरळ विषयाला हात घातला. माझा नियम असा की तू पन्नास म्हण, मी तीस म्हणतो, चाळिसावर उठू. ह्या नियमावर मी वर्कशॉप उभं केलं. मी म्हटलं, “उस्तादला जाऊन आईला बघून येऊ दे. तुला काय हवं?”

“मी काय मागितलंय?”

“म्हणून तर विचारतोय. मेंढे? तुझ्या मामांना काही? जमीन?”

तो हसला. “सेठ, तुम्ही पाटे विकता.”

“मग सांग ना!”

“एक बात,” तो म्हणाला. “माझ्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावापुढे काही लिहिलेलं नाही, पण ज्या छावणीत मी वाढलो तिथे प्रत्येकाला माहीत होतं. मुखबिरचा मुलगा. पोरं दगड मारायची नाहीत, फक्त माझ्यासमोर बोलणं थांबवायची. माझं लग्न दोन ठिकाणी ह्यावरून मोडलं. मला मेंढा नको. उस्तादने एकदा म्हणावं, तुझा बाप मुखबिर नव्हता. बस.”

मला वाटलं, सौदा झाला! एक वाक्य. फुकटात. मी तसाच गाडी वळवून वर्कशॉपला आलो आणि उस्तादला ऑफिसात बसवलं. पंखा लावला. वाक्य सांगितलं.

तो म्हणाला, “नाही.”

“तो मुखबिर होता?”

“नाही.”

“मग म्हणायला काय जातं?”

“तो मुखबिर नव्हता असं मी म्हटलं, तर माझा भाऊ कोण झाला? त्याच्या कबरीवर झेंडा आहे. त्याची मुलं त्या झेंड्यावर मोठी झाली.”

मी मधला भाव काढायचा प्रयत्न केला. असं म्हणा की तेव्हा गैरसमज झाला. असं म्हणा की कुणीतरी तिसऱ्याने खोटं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “ह्यात अर्धं नसतं, सेठ.” मग त्याने मला विचारलं, “तुमचा तो भाऊ, भिंतवाला. त्याला तुम्ही एक वाक्य म्हटलंत का नऊ वर्षांत?”

मी टेबलावरचा पाना भिंतीवर फेकला. म्हटलं, माझी गोष्ट वेगळी, माझ्या बाजूने चूक नाही, सातबारा माझ्याकडे आहे. तो उठला आणि जाता जाता पाना उचलून टेबलावर ठेवून गेला. त्या दिवशी मी तिघांनाही शिव्या घातल्या. वेल्डरला विनाकारण.

नंतरचे दहा-बारा दिवस तसेच गेले. गावाहून फोन यायचे: म्हातारी खात नाही, म्हातारी तुझं नाव घेते, म्हातारी काल कुणालाच ओळखत नव्हती. उस्ताद काम करायचा. टिचकी, घण. टिचकी, घण.

त्या दिवशी सकाळी एका टिपरचा मुख्य पाटा भट्टीतून काढला होता, लालभडक. उस्तादने तो ऐरणीवर ठेवला. धाकट्याने घण वर नेला. टिचकी पडली नाही. मी काउंटरवरून बघत होतो. उस्तादने हातोडी खाली ठेवली, स्टूल पायाने ढकलून पुन्हा जुन्या जागी घेतला, समोरासमोर, आणि मान खाली घालून त्यांच्या भाषेत बोलायला लागला. मला एकच शब्द कळला, कारण त्यांच्याकडेही काकाला काकाच म्हणतात. काका, काका, असं तो दोन-तीनदा म्हणाला. धाकट्याचा घण वरच होता. मी काउंटरवरून उठलो. बारा किलोचा घण एवढा वेळ वर धरता येत नाही, हे मला स्वतःच्या खांद्यांवरून माहीत आहे. पाटा लालचा काळपट झाला, मग नुसता काळा. मग धाकट्याने घण बाजूला जमिनीवर ठेवला, हळूच, आवाज न करता, आणि बाहेर टायरांच्या ढिगावर जाऊन बसला.

उस्ताद काय बोलला ते त्याने मला नंतर स्वतःच सांगितलं. मागितलं होतं त्यापेक्षा तो जास्त देऊन बसला होता. सौद्यात इतकी मोठी चूक मी कधी पाहिली नाही. तो म्हणाला होता: तुझा बाप मुखबिर नव्हता. माझ्या भावाला ते माहीत होतं, मलाही होतं. आणि तो शेतातून वर आला तो माझ्या हाकेला आला. मी वीस वर्षांचा होतो, भाऊ झाडामागे होता. सहा वर्षं बोलणं नव्हतं, तरी मी ‘काका’ म्हणून हाक मारली, आणि त्याला वाटलं, पुतण्या समेट करायला आलाय. तो पटका नीट बांधत वर आला. हसत आला.

“हे कशाला सांगितलंत?” मी विचारलं. “त्याने एवढं मागितलंच नव्हतं!”

“अर्धं नसतं, असं मीच तुम्हाला म्हटलं ना,” तो म्हणाला.

धाकटा दोन दिवस कामावर आला नाही. मी उस्तादला म्हटलं, रात्री माझ्याकडे झोपायला या. तो म्हणाला, त्याची खोली तीच, माझीही तीच. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायच्या वेळी धाकटा आला. त्याची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. उस्तादच्या समोर मांडी घालून बसला, त्याच्या रोटीचा तुकडा तोडला, त्याच्या रश्शात बुडवला आणि खाल्ला.   वेल्डर मला कुजबुजला, “शेटनू, आता तेचा मीठ खाल्ल्यान. झाला.”

झालं खरं, पण माझं नाही. धाकटा हात धुऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दोन तिकिटं.”

“दोन कशाला?”

“माझ्या मामांना मी फोनवर सांगेन, पण फोनवरचा शब्द बंदूक अडवत नाही. मी त्याच्या पुढे चाललो तरच तो त्या वाटेने जाईल. रिवाज आहे. ज्याचं वैर, त्याचंच संरक्षण.”

म्हणजे माझी भट्टीची जोडी, दोन्ही माणसं, एकदम जाणार. दारात सात ट्रक उभे होते. मी खूप आरडाओरडा केला. म्हटलं, मी हा समेट घडवला, माझ्या डिझेलवर घडवला, आणि तोट्यात मीच? धाकटा शांतपणे म्हणाला, “तुम्ही नाही घडवला, सेठ.” ते मला फार लागलं. अजून लागतं. फलजापर्यंत कोणी नेलं होतं? चहा कोणी पाजला? पण तिकिटं मी काढली. विमानतळावर सोडायलाही मीच गेलो. महिनाभरात परत, इन्शाल्ला, असं दोघंही म्हणाले. आत जाताना धाकटा पुढे होता आणि उस्ताद त्याच्या मागे, त्याची बॅग हातात घेऊन.

ते पोहोचले. मामांच्या दारावरून गेले. कुणी आडवं आलं नाही. हे मला चौथ्या दिवशी कळलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. त्या महिन्यात मी गावी चुलतभावाला फोन लावला होता. त्याने उचलला. “कोण?” म्हणाला. आवाज माझ्या बापासारखा. मी ठेवून दिला. तो गडगा आजही आहे.

महिना झाला, दोन झाले, चार झाले. भट्टी बंद. तयार पाटे दुबईहून मागवून बसवायला लागलो. त्यात ना कौशल्य, ना नफा. फोन केला की कधी रस्ता बंद असायचा, कधी बर्फ, कधी ज्यांचं नाव घ्यायचं नाही असे लोक खोऱ्यात आलेले असायचे आणि टॉवर बंद. सहा महिने देशाबाहेर राहिलं की इकडचा व्हिसा आपोआप जातो. पाचवा महिना संपताना फोन लागला तेव्हा मी आधीच तापलेलो होतो.

“एक जण तरी या!” मी ओरडलो. “धाकट्याला पाठवा!”

“त्याला नाही पाठवता येत,” उस्ताद म्हणाला.

“का? मामांनी अडवलं?”

“नहीं, सेठ. आईने.”

मग त्याने सांगितलं. ते घरात शिरले तेव्हा म्हातारी खाटेवर होती. तिला दिसत नाही. धाकटा पुढे होता, रिवाजाप्रमाणे. त्याने सलाम केला. घराण्याचा आवाज एकच. म्हातारीने हात वर करून त्याचा चेहरा चाचपला. तरणे गाल, दाट दाढी, रुंद खांदे. उस्ताद घर सोडून गेला तेव्हा असाच होता. ती रडायला लागली, आला माझा आला म्हणून, आणि तिने त्याचा हात धरला. मग उस्ताद वाकला, तिने त्याचाही चेहरा चाचपला, आणि सुनेला म्हणाली, ह्या पाहुण्याला चहा द्या, थकलेला वाटतो.

“तुम्ही सांगितलं नाही, मी आहे म्हणून?”

“पहिल्या दिवशी सांगितलं. ती घाबरली. रात्रभर ओरडत होती. मग नाही सांगितलं.”

“आणि तो?”

“बसला आहे. आत्ताही बसला आहे. ती त्याच्याच हातून खाते. तो उठला की हाका मारते. मी बाहेर अंगणात असतो. तो इथे आहे तोपर्यंतच मीही इथे आहे, सेठ, तुम्हाला माहीत आहे. तो निघाला तर मला त्याच्याबरोबर निघावं लागेल. म्हणून ती आहे तोवर आम्ही दोघं इथेच.”

दारात एक ट्रेलर हॉर्न वाजवत होता. मला व्हिसाचं बोलायचं होतं, ते बाजूला राहिलं. मी विचारलं, “ती तुमच्याशी बोलते तरी का?”

“हां, बोलते. चहा झाला का विचारते. परवा म्हणाली, तू कधीपासून आमच्याकडे आहेस, तुझी आई वाट बघत असेल. मी म्हटलं, बघते. तर म्हणाली, मग जा बाबा, उशीर करू नकोस.”